ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा: खेळायची कशी आणि खेळून झाल्यावर डाव तपासायचे कसे

मोबाईलवर बुद्धिबळ खेळणारे आता घरोघरी आहेत. त्यातले थोडे जण वेळ ठरवून स्पर्धा खेळतात. पण स्पर्धा संपल्यावर आपलेच डाव पुन्हा उघडून बघणारे मला फारच कमी भेटतात. निकाल बघितला, मानांकन वर गेलं की खाली आलं ते बघितलं, की ॲप बंद! खरं तर ऑनलाइन स्पर्धेचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच असतो. प्रत्येक खेळी, प्रत्येक सेकंद आपोआप नोंदलेला असतो आणि तो फुकटात तपासता येतो.

मी राहतो जयगडला. इथून रत्नागिरी शहरात मुलाला स्पर्धेला न्यायचं म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि एका माणसाची रजा. शिकवणारा कोच वगैरे तर लांबचीच गोष्ट. म्हणून आम्ही वाडीतली काही मुलं आणि मुंबईला गेलेले चाकरमानी मिळून रविवारी संध्याकाळी ऑनलाइन स्पर्धा घेतो. दहा-पंधरा जण असतात. ती चालवताना आणि नंतर मुलांचे डाव बघताना जे कामाला आलं, ते इथे एकत्र लिहितोय.

आधी साइट आणि स्पर्धेचा प्रकार

मुख्य साइट दोन. चेस डॉट कॉमवर खेळाडू भरपूर, धडे छान, पण डाव तपासण्याची पूर्ण सोय हवी तर पैसे भरावे लागतात. फुकट खात्याला ती मोजूनमापून मिळते. लिचेस २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केली. ती देणग्यांवर चालते, जाहिरात नाही, आणि सगळ्या सोयी सगळ्यांना सारख्याच. भाषेच्या यादीत मराठीही आहे. आमच्या कामासाठी मला लिचेस बरी वाटते, त्यामुळे पुढची उदाहरणं बहुतेक तिथलीच आहेत. चेस डॉट कॉमवर खेळलेला डावही लिचेसवर आणून तपासता येतो, ते कसं ते खाली येईलच.

स्पर्धेचे प्रकार मुख्यतः दोन: अरीना आणि स्विस. अरीना म्हणजे ठरावीक वेळ, समजा एक तास, आणि त्या तासात जमतील तेवढे डाव. डाव संपला की लगेच नवा प्रतिस्पर्धी. जिंकलं की २ गुण, बरोबरीला १. सलग दोन डाव जिंकलात की पुढचे गुण दुप्पट मिळतात, जोवर जिंकत राहाल तोवर. शिवाय ‘बर्सर्क’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की तुमचा स्वतःचा वेळ निम्मा होतो आणि जिंकलात तर एक गुण जास्त. मुलांना हे बटण भारी आवडतं. मला अजिबात आवडत नाही. ज्याला आधीच घाईने खेळायची सवय आहे, त्याला घाई करण्याबद्दल बक्षीस कशाला?

स्विसमध्ये फेऱ्या ठरलेल्या. प्रत्येक फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेल्या खेळाडूशी गाठ पडते, कोणी बाद होत नाही, आणि खरोखरच्या हॉलमधल्या स्पर्धेसारखंच वाटतं. शिकण्यासाठी स्विसच घ्या. पाच फेऱ्या, दहा मिनिटं अधिक पाच सेकंद. ‘१०+५’ असं लिहिलेलं दिसतं त्याचा अर्थ हाच: सुरुवातीला दहा मिनिटं आणि प्रत्येक खेळीनंतर पाच सेकंद परत. हे पाच सेकंद फार मोलाचे. ते नसले तर जिंकलेला शेवटही हातातून जातो, कारण मात करायला वेळच उरत नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. लिचेसवर १०+० ला ‘रॅपिड’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघटना फिडेच्या नियमात मात्र दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ‘ब्लिट्झ’. त्यामुळे मुलगा म्हणाला ‘माझं रॅपिडचं मानांकन १६००’, तर ते कुठलं ते विचारून घ्या. लिचेस नवीन खात्याला १५०० वरूनच सुरू करते. तिथले १५०० आणि फिडेचे १५०० यांचा काही संबंध नाही. ऑनलाइन डावांनी फिडेचं मानांकन हलत नाही. आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसलं तर समजा, साइटला अजून तुमचा नीट अंदाज आलेला नाही. थोडे डाव झाले की ते जातं.

नेट गेलं तर काय?

आमच्याकडचा हा सगळ्यात मोठा प्रश्न. पावसाळ्यात लाईट गेली की वायफाय जातं, टॉवरची बॅटरी दम तोडते, आणि मुलगा जिंकत असलेला डाव बघत बसतो.

पहिली गोष्ट: बुद्धिबळाला नेटचा वेग फारसा लागत नाही. एक खेळी म्हणजे कुठल्या घरातून कुठल्या घरात, एवढाच दोन-चार अक्षरांचा मजकूर. व्हिडिओ ज्या नेटवर अडखळतो त्यावर बुद्धिबळ मस्त चालतं. लागतं ते सातत्य. जोडणी तुटू नये, एवढंच. निरोप जायला-यायला जो किंचित उशीर होतो तो दोन्ही साइट काही प्रमाणात भरून देतात. पण जोडणीच तुटली तर तुमचं घड्याळ चालूच राहतं, आणि काही वेळाने प्रतिस्पर्ध्याला डाव जिंकल्याचा दावा करायचं बटण मिळतं. त्याने ते दाबलं तर तक्रार करण्यात अर्थ नाही. नियम तसाच आहे.

हे फक्त खेड्यापाड्यातलं दुखणं नाही हे मुलांना सांगायला माझ्याकडे एक चांगला दाखला आहे. कोविडच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, फिडेने ऑलिम्पियाड पहिल्यांदाच ऑनलाइन घेतलं. चेस डॉट कॉमवर, प्रत्येक डाव १५+५. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी. संघात विश्वनाथन आनंद, कोनेरू हंपी, हरिका अशी मोठी नावं, गोव्याची भक्ती कुलकर्णी, आणि नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा अवघी चौदा वर्षांची.

उपांत्यपूर्व फेरीत भारत विरुद्ध आर्मेनिया. आर्मेनियाच्या हाइक मार्टिरोस्यानची जोडणी निहाल सरीनविरुद्धच्या डावात तुटली आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. रागावून त्यांनी सामन्याची दुसरी फेरी खेळायलाच नकार दिला आणि भारत पुढे गेला. मग ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत ऐन मोक्याला निहाल सरीन आणि दिव्या देशमुख या दोघांची जोडणी गेली आणि दोघंही वेळेवर हरले. सुवर्णपदक रशियाचं, असं जाहीरही झालं.

त्या दिवशी अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक या कंपनीच्या जाळ्यात मोठा बिघाड झाला होता. त्याच्यावर अवलंबून असलेली क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर कोलमडली आणि तिच्यामागोमाग असंख्य साइट अडकल्या. भारताने अपील केलं. चौकशीनंतर फिडेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्ण द्यायचा निर्णय दिला.

आता या दोन निकालांत न्याय सारखा झाला का? आर्मेनियात आजही कोणी हो म्हणणार नाही. मला विचाराल तर अंतिम सामन्याचा निकाल योग्य होता, कारण बिघाड जगजाहीर होता, तो दाखवता येत होता. एकट्या खेळाडूचं नेट गेलं तर ते त्याच्या घरातलं, रस्त्यावरचं की साइटचं, हे ठरवणार कसं? म्हणून बहुतेक सगळ्या स्पर्धांच्या नियमात जोडणीची जबाबदारी खेळाडूची असते. तुमच्या रविवारच्या स्पर्धेतही हा नियम आधीच लिहून टाका, नंतर भांडण नको. (त्याच दिव्याने जुलै २०२५ मध्ये बातुमीला हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. हे मुलांना सांगितलं की नेट गेल्याचं दुःख जरा कमी होतं.)

उपाय म्हणाल तर साधे आहेत. वायफायवर खेळत असलात तरी मोबाईल डेटा चालू ठेवा. वायफाय गेलं की फोन त्यावर जातो. घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर उत्तम. लॅपटॉपवर खेळत असाल तर त्याच खात्याने फोनवरही लॉगिन करून ठेवा. लाईट गेली तर फोनवर तोच डाव उघडतो, घड्याळ जिथे असेल तिथून पुढे. डाव चालू असताना व्हॉट्सॲपचे कॉल येऊ देऊ नका. आमच्यातल्या एका मुलाचा डाव नेटमुळे नाही, मावशीच्या व्हिडिओ कॉलमुळे गेला आहे.

मागून सांगणारे

देवळाच्या पायरीवर पट मांडला की खेळणारे दोन आणि सांगणारे सात. “अरे घोडा काढ, घोडा!” ही आपली जुनी पद्धत आणि तिच्यात मजाही आहे. ऑनलाइन स्पर्धेत मात्र तिला बाहेरची मदत म्हणतात आणि त्यावर खातं बंद होऊ शकतं. काका शेजारी बसून सांगत असतील तरी, आणि दुसऱ्या फोनवर इंजिन चालू असेल तरी, नियमाच्या दृष्टीने गुन्हा एकच. चालू डावात सुरुवातीच्या खेळ्यांचं पुस्तक किंवा डेटाबेस बघणंही चालत नाही.

साइटला कळतं कसं? खेळ्या इंजिनशी किती जुळतात, अवघड आणि सोप्या खेळीला लागलेला वेळ सारखाच आहे का, मधूनच ब्राउझरमधून बाहेर गेलात का, आधीच्या खेळाशी हे सुसंगत आहे का, अशा अनेक गोष्टी एकत्र बघून. एखाद्या डावात ९६ टक्के अचूकता आली म्हणून कोणी पकडत नाही, छोट्या सरळसोट डावात ती कोणालाही येते. पालकांना एवढंच सांगेन की डाव चालू असताना मुलाला खोलीत एकटं सोडा. खातं एकदा बंद झालं की मुलाला ते समजावून सांगणं फार कठीण जातं.

डाव तपासणं: आधी डोक्याने

स्पर्धा संपली. आता लगेच ‘संगणक विश्लेषण’ दाबू नका. इंजिन आधी बघितलं की आपण काय विचार केला होता तेच विसरायला होतं. मी मुलांना त्याच संध्याकाळी प्रत्येक डावातून तीन जागा निवडायला सांगतो: जिथे काय करावं कळलं नाही, जिथे प्रतिस्पर्ध्याच्या खेळीने दचकायला झालं, आणि जिथे ‘आता जिंकलो’ असं वाटलं. वहीत लिहा, मोडकंतोडकं चालेल.

मग घड्याळ बघा. विश्लेषणाच्या पानावर प्रत्येक खेळीला लागलेल्या वेळेचा आलेख मिळतो. माझ्या मते डावाचा हा सगळ्यात खरा भाग आहे. आमच्या मुलांच्या आलेखांत एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. सुरुवातीच्या खेळ्या दोन-दोन सेकंदांत, मग मध्येच एका खेळीला दीड मिनिट, आणि त्या दीड मिनिटानंतरची खेळी चुकीची. म्हणजे विचार केला, पण संकट येऊन गेल्यावर. ज्या खेळीने संकट आणलं ती तीन खेळ्या आधी दोन सेकंदांत झाली होती. इंजिन हे सांगत नाही.

मग इंजिन

लिचेसवर जे इंजिन चालतं त्याचं नाव स्टॉकफिश. २००८ पासूनचं, फुकट आणि खुलं. नावाची गंमत अशी की मूळ प्रोग्राम नॉर्वेच्या माणसाने लिहिला आणि इटलीच्या माणसाने पुढे वाढवला; नॉर्वेत वाळवायचा आणि इटलीत शिजवायचा असा मासा म्हणजे स्टॉकफिश, वाळवलेला कॉड. आपल्या भाषेत सुकं! २०२० मध्ये त्याला न्यूरल नेटवर्कची जोड मिळाली आणि ते आणखी ताकदवान झालं. आज जगज्जेताही त्याला हरवू शकत नाही.

‘संगणक विश्लेषण’ मागवलं की ते काम तुमच्या फोनवर होत नाही. जगभरातल्या स्वयंसेवकांनी आपले संगणक या कामाला दिलेले आहेत, तिथे होतं, आणि निकाल तुमच्याकडे येतो. जुना फोन असला तरी बिघडत नाही. त्याच पानावर इंजिनचं बटण चालू केलं तर मात्र ते तुमच्या फोनचा प्रोसेसर वापरतं, फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. लाईट नसेल तेव्हा ते बंदच ठेवा.

इंजिन आकडा देतं, उदाहरणार्थ +१.०. याचा अर्थ पांढरा साधारण एका प्याद्याइतका पुढे. वजा म्हणजे काळा पुढे. लिचेस या आकड्याचं जिंकण्याच्या शक्यतेत रूपांतर करते, आणि ते समजलं की निम्मा गोंधळ मिटतो. बरोबरीची स्थिती म्हणजे ५० टक्के. +१ म्हणजे सुमारे ५९, +३ म्हणजे ७५, +५ म्हणजे ८६, +७ म्हणजे ९३ आणि +१० म्हणजे ९७ च्या पुढे. आता बघा, +१० वरून +७ वर आलात तर आकडा तीनने पडला, पण शक्यता चार-पाच टक्केच कमी झाली. तेच शून्यावरून -३ वर गेलात तर ५० वरून थेट २५! घसरण दोन्हीकडे तीनचीच, पण दुसरीने डाव गेला. खेळीवर ‘घोडचूक’, ‘चूक’, ‘किरकोळ चूक’ असा शिक्का बसतो तो या टक्केवारीतल्या घसरणीवरून. त्यामुळे जिंकलेल्या डावाच्या शेवटी मात करायचा जवळचा रस्ता सोडून लांबचा घेतलात, तर त्याची फिकीर करू नका.

चेस डॉट कॉमवर याच कामात ‘ब्रिलियंट’ असा निळा शिक्का मिळतो. साधारणपणे एखादं मोहरं देऊन केलेली चांगली खेळी असेल तर, आणि नवख्यांना तो जरा सढळ हाताने देतात. त्याचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवायला हरकत नाही, अभ्यासाला तो निरुपयोगी.

जिंकलेला डावही उघडा

हे मी फार आग्रहाने सांगतो, आणि त्याला एक डाव कारण आहे. माझी भाची अकरा वर्षांची. रविवारच्या स्पर्धेत ती काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. दोघांनीही राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे नेलं, दोन्हीकडचे घोडे आले, पांढऱ्याचा उंट सी-४ वर, तिचा दुसरा घोडा एफ-६ वर. पांढऱ्याने घोडा जी-५ वर उडवला, म्हणजे उंट आणि घोडा मिळून एफ-७ च्या प्याद्यावर रोख. तिने डी-५ वर प्यादं ढकललं, पांढऱ्याने ते मारलं, आणि तिने एफ-६ च्या घोड्याने ते प्यादं परत घेतलं. घोडा हलल्यामुळे तिच्या वजिराची वाट मोकळी होऊन जी-५ च्या घोड्यावर नजर आली. प्रतिस्पर्धी घाबरला, घोडा मागे नेला, आणि पुढे भाचीने डाव सहज जिंकला.

ती खूश. इंजिनचा आलेख मात्र त्या पाचव्या खेळीला पांढऱ्याकडे झुकलेला. कारण पांढऱ्याला घोडा मागे नेण्याची गरजच नव्हती. तो घोडा एफ-७ वर मारून द्यायचा, राजाला तो घ्यावा लागतो, मग वजीर एफ-३ वर शह देतो, डी-५ च्या घोड्यावर दुहेरी मारा येतो आणि तो वाचवायचा तर काळ्या राजाला ई-६ वर, पटाच्या मध्यात यावं लागतं. ‘फ्राइड लिव्हर’ नावाने हा हल्ला शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. काळ्याने प्यादं लगेच परत घ्यायचं नाही. सी-६ चा घोडा ए-५ वर नेऊन उंटाला हुसकायचं, ही रुळलेली वाट.

हरलेला डाव आपण रागाने तरी बघतो. जिंकलेल्या डावातलं भोक तसंच राहतं आणि नेमकं पुढच्या मोठ्या स्पर्धेत उघडं पडतं. तिला ‘फ्राइड लिव्हर’चं नाव सांगितलं नाही, नुसती स्थिती मांडून “आता तू पांढरी, काय करशील?” एवढंच विचारलं. दहा मिनिटं लागली, पण घोडा एफ-७ वर तिनेच ठेवला.

याच कामासाठी ‘आपल्या चुकांमधून शिका’ असं एक बटण आहे. चुकलेली स्थिती समोर येते आणि चांगली खेळी तुम्हालाच शोधायला सांगतात. सुरुवातीच्या खेळ्यांसाठी ‘ओपनिंग एक्सप्लोरर’ उघडा. त्यात मोठ्या खेळाडूंचे डाव, लिचेसवरचे सगळे डाव, आणि फक्त तुमच्या खात्याचे डाव असे तीन भाग आहेत. तिसरा भाग बघितला की कळतं, एकाच ठिकाणी आपण किती वेळा मार खाल्लाय. पटावर एकूण सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली असतील तर अंदाजही करावा लागत नाही. त्या सगळ्या स्थितींची उत्तरं आधीच मोजून ठेवलेली आहेत आणि विश्लेषणात जिंकणं, हरणं किंवा बरोबरी हे थेट दिसतं.

डाव जपून ठेवणं

प्रत्येक डाव पीजीएन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवता येतो. १९९३ पासून जगभर हीच पद्धत आहे, त्यामुळे कुठल्याही साइटवरचा डाव कुठेही उघडतो. चेस डॉट कॉमवर डावाच्या ‘शेअर’मध्ये जाऊन पीजीएन कॉपी करा, लिचेसवर ‘डाव आयात करा’ मध्ये चिकटवा, झालं. लिचेसच्या स्पर्धेच्या पानावरून त्या स्पर्धेतले सगळे डाव एकाच फाइलमध्ये मिळतात.

आम्ही प्रत्येक मुलाची एक ‘स्टडी’ केली आहे. तिच्यात डाव प्रकरणांसारखे साठवता येतात, खेळीशेजारी मराठीत टिपण लिहिता येतं, बाण काढता येतात. एका स्टडीत जास्तीत जास्त ६४ प्रकरणं मावतात, पटावरच्या घरांइतकीच. ती खासगी ठेवून फक्त ठरावीक लोकांना आत घेता येतं. आमच्यातला एक चाकरमानी रात्री लोकलमधून घरी जाताना मुलांच्या टिपणांखाली आपली शेरेबाजी करतो. सकाळी शाळेत जायच्या आधी मुलं ती वाचतात आणि तिथल्या तिथे उत्तर देतात.

स्टडीतल्या टिपणात एक पथ्य पाळायला लावा: ‘इंजिन म्हणतं -२.४’ असं लिहायचं नाही. ‘माझा हत्ती कोपऱ्यात अडकला होता आणि मी त्याला सोडवायच्या ऐवजी प्यादं खायला गेलो’ असं लिहायचं.